अमेरिकेतील नक्षीदार स्टोनवेअर आणि रांगडे घरसामान : संग्रहाची परंपरा

स्टोनवेअर म्हणजे फार मोठ्या आचेवर भाजल्यामुळे दगडासारखी घट्ट झालेली मातीची भांडी. (मराठीत 'दगडी' हा शब्द दगडातून कोरलेल्या भांड्याचा, म्हणून इथे मूळ शब्दच ठेवला आहे.) अमेरिकेच्या पूर्व भागात अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत करड्या रंगाची, मिठाची झिलई चढवलेली आणि कोबाल्टच्या निळ्याने चितारलेली अशी भांडी घरोघरी होती. खारवलेले मांस, लोणी, काकवी, सिरका, लोणची, दारू अशा सगळ्या साठवणीला ती लागत. ही भांडी, आणि त्यांच्या जोडीला शेतघरांतले व जंगलातल्या लाकडी घरांतले रांगडे फर्निचर, जमवणारे संग्राहक आज अमेरिकेत मोठ्या संख्येने आहेत. आपल्या घरातली लोणच्याची चिनी मातीची बरणी ज्यांनी उचलून ठेवली आहे, त्यांना या भांड्यांचे वजन हाताला लगेच ओळखीचे वाटेल. जात एकच आहे.

असे एखादे भांडे जवळून पाहावे. चार गॅलनचा, म्हणजे साधारण पंधरा लिटरचा, रुंद तोंडाचा 'क्रॉक' घेऊ. भिंती उभ्या आणि काठ जाड. काठाखाली दोन बाजूंना मातीचेच कान, बोटे आत घालून उचलता येतील एवढे. पुढच्या बाजूला मातीत दाबलेला कुंभाराचा आणि गावाचा शिक्का, शेजारी गॅलनचा आकडा, आणि खाली खुंटावर बसलेला एक निळा पक्षी. बोट फिरवले तर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत लागतो. निळी रेघ जिथे जाड पडली आहे तिथे ती किंचित उंचावलेली असते. आत डोकावले तर मात्र गडद तपकिरी, गुळगुळीत लेप दिसतो.

आतबाहेरच्या या फरकाचे कारण भट्टीत आहे. भट्टीचा ताव सुमारे १२५० ते १३०० अंश सेल्सिअसवर गेला की वरच्या भोकांतून साधे मीठ आत टाकत. त्या आचेत मिठाची वाफ होई. त्यातले सोडियम भांड्याच्या मातीतल्या सिलिका व अॅल्युमिनाशी संयोग पावे आणि भांड्यावर काचेचा पातळ थर धरे. भांडी एकावर एक रचलेली असल्याने ही वाफ आतपर्यंत पोचत नसे. म्हणून एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीजवळची, सहज वितळणारी तपकिरी माती पाण्यात कालवून भांडी आतून लेपून घेण्याची पद्धत पडली. निळ्या रंगाचेही तसेच. एवढी आच सोसून खुलून दिसणारा भरवशाचा रंग कोबाल्टचाच, आणि महाग असला तरी तो चिमूटभर पुरे. ही सगळी विद्या जर्मनीच्या ऱ्हाईन खोऱ्यातून आलेली. न्यूयॉर्कमधली क्रोलियस आणि रेमी ही कुंभार घराणी मुळात जर्मनच.

याआधी वापरात असलेल्या तांबड्या मातीच्या भांड्यांवर शिशाची झिलई असे. आंबट पदार्थात शिसे उतरते, आणि माती सच्छिद्र असल्याने भांडे झिरपतेही. स्टोनवेअरमध्ये हे दोन्ही दोष नव्हते, म्हणून ते महाग असूनही घराघरांत शिरले.

मात्र एवढी आच सोसणारी माती सगळीकडे मिळत नाही. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे ईशान्य कोपऱ्यातल्या राज्यांत, ती जवळजवळ नव्हतीच. उत्तम माती होती न्यू जर्सीत, साउथ अंबॉय आणि चीझक्वेकच्या परिसरात. आज ज्या मिडलसेक्स काउंटीतल्या एडिसनला अनेक मराठी कुटुंबांची घरे आहेत, तीच ही काउंटी. इथली माती होड्यांतून हडसन नदीने वर जाई. १८२५ मध्ये ऑल्बनी ते बफलो हा ३६३ मैलांचा ईरी कालवा पुरा झाला आणि मातीला थेट आतपर्यंत वाट मिळाली. युटिका, लायन्स, रॉचेस्टर या कालव्याकाठच्या गावांत भट्ट्या पेटल्या. संग्राहकाने नकाशा समोर ठेवून शिक्के वाचावेत. पाण्याची वाट आणि कुंभारांची गावे एकाच रेषेत येतात.

संग्राहकांत सर्वांत गाजलेले नाव व्हरमाँटमधल्या बेनिंग्टनच्या नॉर्टन घराण्याचे. कॅप्टन जॉन नॉर्टन यांनी १७९३ मध्ये तिथे कुंभारकाम सुरू केले आणि ते घराण्यात १८९४ पर्यंत चालले. वारस आणि भागीदार बदलले की शिक्का बदले, त्यामुळे भांड्याचा काळ बराच नेमका सांगता येतो. 'जे. अँड ई. नॉर्टन' हा शिक्का असला तर भांडे १८५० ते १८५९ मधले. याच काळातल्या भांड्यांवर हरणे, घरे, कुंपणे, झाडे आणि मोर यांची चित्रे आहेत. पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गच्या काउडन अँड विल्कॉक्स यांनी चंद्रात माणसाचा चेहरा काढला, आणि ती भांडी आज संग्राहक शोधत फिरतात.

चित्रे काढण्याच्या तऱ्हा काळाप्रमाणे बदलत गेल्या. सुरुवातीला ओल्या मातीत टोकदार काडीने रेघ कोरून तीत निळा भरत. हे काम वेळखाऊ होते. पुढे कुंचला आला. त्यानंतर आली बारीक नळीची वाटी : मातीच्या छोट्या भांड्याला पिसाची पोकळ दांडी बसवलेली, आत पातळ निळी माती, आणि वाटी कलती केली की रेघ आपोआप ओघळत येते. दिवाळीत दारात रांगोळीची रेघ सोडणारा हात ज्याने पाहिला आहे त्याला यातले कसब समजावून सांगावे लागत नाही. हात अडला की तिथे निळा ठिपका साचतो, आणि पुसून पुन्हा काढायची सोय फारशी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः पश्चिम पेनसिल्व्हेनियात, छापे वापरून अक्षरे व नक्षी उठवू लागले. ती भांडी सुबक आहेत, पण त्या मोकळ्या रेघेतला जीव त्यांत उरला नाही.

साठवणीच्या भांड्याला नक्षीची गरज नव्हती. लोणी पक्ष्याशिवायही टिकले असते. दिवसाला ढीगभर माल काढणाऱ्या कारागिराने तरीही कितीतरी भांड्यांवर हात फिरवला, आणि संग्राहक आज शोधतो तो हाच हात. पाने-फुले सर्वांत जास्त आढळतात, त्याखालोखाल पक्षी. प्राणी, माणसे, जहाजे, इमारती दुर्मीळ, म्हणून महाग.

या छंदाने इतिहासातही मोलाची भर घातली. न्यूयॉर्कमध्ये कॉर्लिअर्स हुक इथे अठराव्या शतकाच्या शेवटी थॉमस कॉमेरॉ नावाचा कुंभार काम करी. त्याच्या भांड्यांवर झालरीसारखी कोरीव नक्षी आणि ठसठशीत शिक्का असतो. त्याचे नाव संग्राहकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते आणि तो गोरा असावा असे सगळे धरून चालले होते. जुन्या जनगणनेच्या नोंदी चाळताना एका अभ्यासकाच्या लक्षात आले की तो स्वतंत्र कृष्णवर्णीय कारागीर होता. २०२३ मध्ये न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीने त्याच्यावर स्वतंत्र प्रदर्शन भरवले.

दक्षिणेत, साउथ कॅरोलायनातल्या एजफिल्डला, निळी नक्षी नव्हती. तिथली झिलई राखेची किंवा चुन्याची, हिरवट-तपकिरी. तिथे डेव्हिड ड्रेक हा गुलामगिरीत राबणारा कुंभार चाळीस गॅलनपर्यंतचे रांजण घडवी आणि ओल्या मातीत तारीख, 'डेव्ह' ही सही व कधी दोन ओळींचे यमक कोरी. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवण्यावर त्या राज्यात १८३४ मध्ये कायद्याने बंदी आली होती. अशा ठिकाणी उघड्यावर स्वतःच्या हाताने लिहिणे केवढे धाडसाचे! १८५७ च्या एका रांजणावर त्याने आपले आप्त कुठे असतील असा प्रश्न कोरला आहे. गुलामांची कुटुंबे विक्रीत कशी फाटत हे ठाऊक असणाऱ्याला त्या दोन ओळी वाचून गप्प व्हायला होते. त्याचा १८५८ मधला एक रांजण २०२१ मध्ये लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरना गेला.

१८५८ मध्ये फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या मेसन बरणीचे पेटंट झाले. पुढे काच व पत्र्याचे डबे स्वस्त झाले, रेल्वेने ताजा माल येऊ लागला, आणि शेवटी १९२० च्या दारूबंदीने दारूच्या सुरयांचीही मागणी संपवली. भांडी माळ्यावर, तळघरात, कोंबड्यांच्या खुराड्यात गेली. तिथून ती बाहेर काढली ती विसाव्या शतकातल्या संग्राहकांनी. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिमफिल्डला १९५९ पासून भरणारा जुन्या वस्तूंचा बाजार, आणि १९७६ मध्ये स्वातंत्र्याच्या दोनशेव्या वर्षी आलेली जुन्या ग्रामीण वस्तूंची लाट, यांनी हा छंद घराघरांत नेला.

रांगड्या घरसामानाचे दोन प्रवाह आहेत. पहिला शेतघरांचा : हाताने रंगवलेली कपाटे, पेट्या, बाक, आणि भोके पाडून नक्षी केलेल्या पत्र्याच्या दारांचे 'पाय सेफ', म्हणजे हवा खेळती ठेवून माश्या-उंदरांपासून खाणे राखणारे फडताळ. आपल्या जाळीच्या कपाटाचे हे भावंडच. दुसरा प्रवाह न्यूयॉर्क राज्यातल्या अॅडिरॉन्डॅक डोंगरांचा. विल्यम वेस्ट ड्युरंट यांनी १८७७ च्या सुमारास रॅकेट तलावाकाठी पाइन नॉट हे शिबिरघर उभारायला घेतले, आणि साल न काढलेल्या फांद्यांचे, भूर्जाच्या सालीने मढवलेले फर्निचर श्रीमंतांच्या जंगलघरांत रूढ झाले. इंडियानातल्या मार्टिन्सव्हिलला हिकरी या झाडाची कोवळी खोडे वाकवून, त्याच्याच आतल्या सालीने बैठक विणून खुर्च्या होत.

खरेदी करताना मडके वाजवून घेण्याची आपली रीत इथेही चालते. बोटाच्या पेराने हलके टिचकावले तर निकोप भांडे खणखणते, तडा गेलेले बद्द वाजते. बुजवलेला टवका अतिनील दिव्याखाली वेगळा चमकतो. कानाचा जोड आणि काठ आधी पाहावेत, दुरुस्ती बहुधा तिथेच दडलेली असते. भट्टीत शेजारच्या भांड्याला टेकल्याचा डाग किंवा झिलईचा ओघळ हा मात्र दोष धरत नाहीत. सर्वांत घातक लबाडी म्हणजे अस्सल, पण साध्या जुन्या भांड्यावर नवा निळा पक्षी काढून ते पुन्हा भाजणे. तो निळा रंग झिलईच्या आत न मुरता वर बसल्यासारखा दिसतो.

फर्निचरला जुना रंग खरवडून पॉलिश करण्याची चाल एके काळी जोरात होती. त्यात अनेक उत्तम कपाटांचे कायमचे नुकसान झाले. आता जाणकार आधी रंगाचा मूळ थर पाहतात : मुठीभोवती, जिथे रोज हात पडे, तिथे तो झिजलेला हवा आणि कोपऱ्यांत भरलेला. सगळीकडे सारखाच झिजला असेल तर ती झीज कुणीतरी नव्याने केलेली आहे.

प्रत्यक्ष पाहण्यासाठी बेनिंग्टनच्या संग्रहालयात नॉर्टनची भांडी आहेत. ऑल्बनीच्या न्यूयॉर्क स्टेट म्युझियममध्ये अॅडम वाइट्समन यांनी दिलेला नक्षीदार स्टोनवेअरचा मोठा संग्रह आहे, आणि अॅडिरॉन्डॅक फर्निचरसाठी ब्लू माउंटन लेकचे संग्रहालय.