लायसन्सवाले पिस्तूलधारक कमी गुन्हे करतात, हा आकडा आला कुठून?

अमेरिकेत बंदुकीवरून वाद पेटला की एक मुद्दा हमखास येतोच, की लायसन्स काढून पिस्तूल बाळगणारे लोक सामान्य जनतेपेक्षा कितीतरी कमी गुन्हे करतात. आकडा खोटा नाहीये, पण त्याचा जो अर्थ लावतात तो बरेचदा चुकीचा असतो, आणि ते समजून घ्यायला टेक्सासमध्ये मागे जावं लागतं.

टेक्सास म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काउबॉय येतात, पण तिथे 1871 च्या कायद्याने पिस्तूल सोबत घेऊन फिरायला बंदी होती आणि ती जवळजवळ सव्वाशे वर्षं टिकली. मग 16 ऑक्टोबर 1991 ला किलीन गावात लुबीज कॅफेटेरियात जेवणाच्या वेळी एका माणसाने पिकअप ट्रक काच फोडून थेट आत घुसवला आणि गोळ्या झाडायला सुरुवात केली, 23 जीव गेले. सुझाना ग्रेशिया आईवडिलांबरोबर तिथे जेवत होत्या. त्यांचं पिस्तूल बाहेर गाडीत होतं, कारण सोबत ठेवणं बेकायदा आणि पकडलं गेलं तर कायरोप्रॅक्टरचं (मणक्याचे-सांध्यांचे उपचार करणाऱ्याचं) व्यवसायाचं लायसन्स जाईल ही भीती. वडील त्या माणसावर धावून गेले ते मारले गेले, सुझाना खिडकीतून निसटल्या, आई मात्र नवऱ्याजवळच थांबली आणि तीही गेली. ही हकिगत त्यांनी पुढे ठिकठिकाणी आमदारांसमोर सांगितली आणि ती ऐकून कोणाचंही मन हलेल.

फ्लोरिडाने 1987 मध्येच अटी पूर्ण करणाऱ्याला पिस्तूल सोबत बाळगायचं लायसन्स द्यायचंच असा कायदा केला होता. टेक्सासमध्ये 1993 ला गव्हर्नर अ‍ॅन रिचर्ड्स यांनी या प्रश्नावर जनमत घेण्याचं बिल व्हेटो केलं, 1994 ला त्या हरल्या, 1995 ला नवे गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू बुश यांनी तशाच कायद्यावर सही केली आणि 1996 पासून लायसन्स मिळायला लागली.

आता अटी बघा. साधारणपणे वय 21 पूर्ण हवं, फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा नावावर नको, मागच्या पाच वर्षांत मोठा मिसडिमीनर म्हणजे त्याहून हलक्या प्रकारातला गुन्हा नको, मुलांच्या पोटगीची थकबाकी नको, वर फिंगरप्रिंट, क्लास, नेमबाजीची परीक्षा आणि सुरुवातीला 140 डॉलर फी. एवढ्या बारीक चाळणीतून जे खाली येतात त्यांच्यात गुन्हेगार कमी असणारच ना! आणि त्यांची तुलना कोणाशी, तर सगळ्यांशीच, जुन्या सराईत गुन्हेगारांशीसुद्धा. दुसऱ्या बाजूने हेही खरं की लायसन्सवाल्यांत पुरुष जास्त आणि गुन्हेही पुरुषच जास्त करतात, म्हणजे तुलना सगळीच त्यांच्या फायद्याची आहे असंही नाही.

टेक्सासचं पब्लिक सेफ्टी खातं दरवर्षी शिक्षा झालेल्यांचा तक्ता काढतं. बंदूकसमर्थक तोच पुढे करतात, तर व्हायोलन्स पॉलिसी सेंटर या बंदूक-नियंत्रणवादी संस्थेने अटकेचे आकडे घेऊन उलटं चित्र मांडलं. अटक आणि दोषी ठरणं यात केवढा फरक आहे, तरी वर्षानुवर्षं दोन्ही बाजू एकमेकांच्या डोक्यात हेच आकडे घालत राहिल्या.

2013 मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थमध्ये 2001 ते 2009 च्या टेक्सासच्या डेटावर अभ्यास आला, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लायसन्सवाले दोषी ठरण्याचं प्रमाण खूपच कमी, पण जे दोषी ठरले त्यांच्या गुन्ह्यांत लैंगिक गुन्हे, बंदुकीचे गुन्हे आणि कोणाचा तरी मृत्यू झालेले गुन्हे यांचा वाटा इतरांपेक्षा जास्त. नुसती टक्केवारी फेकणारे हा अर्धा भाग सांगतच नाहीत.

लोक अजून एक घोळ घालतात. लायसन्सवाला माणूस कसा वागतो हा एक प्रश्न आणि असा कायदा आल्यावर राज्यातली गुन्हेगारी वाढते की घटते हा पूर्ण वेगळा. दुसऱ्या प्रश्नावर जॉन लॉट आणि डेव्हिड मस्टर्ड या अर्थतज्ज्ञांचा 1997 चा पेपर गाजला, त्यात गुन्हे घटतात असं होतं, पण 2004 मध्ये नॅशनल रिसर्च कौन्सिल या अमेरिकेतल्या वैज्ञानिक सल्लागार संस्थेने उपलब्ध पुराव्यावरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही असं सांगितलं.

आणि 1 सप्टेंबर 2021 पासून टेक्सासमध्ये पात्र माणसाला लायसन्सशिवायही पिस्तूल बाळगता येतं, फ्लोरिडात जुलै 2023 पासून. 'बघा लायसन्सवाले किती सज्जन' हा आकडा दाखवून लायसन्सच काढून टाकायची मागणी झाली, म्हणजे ज्या चाळणीमुळे आकडा चांगला आला तीच नको! पब्लिक सेफ्टी खात्याच्या तक्त्यात वेगळा रकाना फक्त लायसन्सवाल्यांचा असतो, त्यामुळे आता लायसन्स न काढता पिस्तूल घेऊन फिरणाऱ्याने गुन्हा केला तर तो सामान्य जनतेच्या खात्यात जमा होतो.