संध्याकाळी सात वाजले की मेंदूत काय होतंय

बेळगाव म्हणा नाहीतर निपाणी म्हणा, दिवेलागणीला स्टँडच्या मागच्या रस्त्याला दोन-तीन बायका उभ्या दिसतात, आपण मान फिरवून पुढं जातोय, आणि गाडीत कुणीतरी म्हणतंयच, "धुणीभांडी करून खायला काय होतंय हिला, वर पिऊन उभी आहे." मला त्या "पिऊन" वरच बोलायचंय. न पिता तिथं उभं राहून बघा एक रात्र. अनोळखी माणसाच्या मागं अंधारात जायचं, मार बसेल का पैसे बुडतील काय माहीत नाही, पोटात अन्न नाही, आणि दारू किंवा गोळी घेतली की ही भीती तासभर बधिर होते. उद्या परत प्यायची तर पैसे लागणार, म्हणून उद्या परत उभं राहायचं. धंद्यासाठी नशा आणि नशेसाठी धंदा, घाण्याच्या बैलासारखं. म्हणून "आधी दारू सोड, मग काम बघू" म्हणणारापण फसतोय आणि "आधी धंदा सोड, मग दवाखान्याला नेतो" म्हणणारापण फसतोय.

आता तलफ म्हणजे काय ते बघू. वोल्फ्राम शुल्त्झ नावाच्या शास्त्रज्ञानं माकडांवर प्रयोग केले होते, आधी एक खूण करायची, मग तोंडात रसाचे थेंब. सुरवातीला रस मिळाला की मेंदूतल्या डोपामीनच्या (बक्षिसाची ओढ लावणारं रसायन) पेशी जोरात चालू व्हायच्या. सवय झाल्यावर त्या नुसत्या खुणेलाच चालू व्हायला लागल्या, रसाचं त्यांना काही पडलेलंच नव्हतं. म्हणजे मेंदू सुखापेक्षा सुखाची चाहूल जास्त जपून ठेवतो. समजा एक बाई दोन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून आली, चेहऱ्यावर तेज आलंय, सगळे खूश, आणि एक दिवस सात वाजता त्याच रस्त्यानं गेली. तोच पिवळा लाईट, तेच पानाचं खोकं, बसचा हॉर्न. बाटली कुठंच नाही तरी तोंडाला पाणी सुटतंय, हात थरथरतात. ह्याला आपण "मन घट्ट नाही" म्हणतोय, काय उपयोग सांगा.

मग जागा बदलली तर? व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेच्या सैनिकांपैकी साधारण पाचातला एक जण नशेच्या, मुख्यतः हेरॉइनच्या आहारी गेला होता. 1970 च्या दशकाच्या सुरवातीला ली रॉबिन्स ह्या बाईंनी परत आलेल्यांचा माग ठेवला. सगळ्यांना वाटत होतं आता गावागावात हेरॉइन पसरणार, पण त्या व्यसनी सैनिकांपैकी पहिल्या वर्षात परत व्यसनात अडकले जेमतेम 5 टक्के. जंगल सुटलं, भीती सुटली, सोबतचे मित्र सुटले. फक्त ते सैनिक घरी गेले होते ओ. आपल्या ह्या बाईला "घरी जा" म्हणणं सोपंय, पण कितीतरी जणींची मारहाण घरातच सुरू झालेली असते, काहींना तर घरच्यांनीच लहानपणी देवदासी म्हणून यल्लम्माला सोडलेलं असतंय. कर्नाटकात 1982 साली कायदा करून ते बंद केलं, पण आधी सोडलेल्या बायका कुठं जाणार होत्या?

अजून एक, हे जीवावरचं आहे. दारू सोडवायची म्हणून खोलीत कोंडून ठेवतात, ते अजिबात करू नका. दारू मेंदूचा ब्रेक दाबून धरते, म्हणून मेंदू अ‍ॅक्सिलरेटर वाढवून ठेवतो. दारू एकदम तोडली की ब्रेक सुटतो, अ‍ॅक्सिलरेटर तसाच. बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो, माणूस दगावतोपण. डॉक्टर गोळ्या देऊन हळूहळू उतरवतात, सोबत बी-1 व्हिटॅमिन. हेरॉइनसारख्या नशेत उलटी गंमत, सोडताना जीव सहसा जात नाही, पण महिनाभर लांब राहून जुन्याच मापानं परत घेतली तर श्वास थांबतो, कारण शरीराची सहन करायची ताकद उतरलेली असते.

इंग्लंडमधल्या इप्सविचमध्ये 2006 च्या हिवाळ्यात रस्त्यावर धंदा करणाऱ्या पाच बायकांचे खून झाले, पाचही जणी ड्रग्जमध्ये अडकलेल्या. त्यानंतर तिथं पोलीस, दवाखाना, घरं देणारं खातं सगळे एका टेबलावर बसले. औषध, खोली, पैसे, कोर्टाची कामं, सगळं एकदमच हातात घेतलं.

आपल्याकडं सगळं तुकड्या-तुकड्यात. काम म्हणून निपाणीकडं विडी वळायला बसवतात, तंबाखूतलं निकोटीन हाताच्या कातड्यातून आणि धुळीतून अंगात जातंच, पण असो, निदान दिवसाचं काम आहे. मानसिक उपचाराला धारवाडला डिमहान्स हा सरकारी दवाखाना आहे, 14416 ह्या सरकारी हेल्पलाइनवर चोवीस तास फुकटात, मराठीतसुद्धा बोलता येतं. पण दवाखान्याची ओपीडी सकाळची. रात्री तीनला आडवी झालेली बाई सकाळची बस धरून रांगेत उभी राहणार, तिथं कन्नडमध्ये फॉर्म, आधार मिरजेचं, रेशन कार्ड चिक्कोडीचं, आणि एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जाता जाता संध्याकाळचे सात वाजतात.