पुनर्स्थापित कांदळवन

तोड, भराव, कोळंबीची तळी किंवा विषारी फवारणी यांमुळे नष्ट झालेल्या खारफुटीच्या जागी पुन्हा उभे राहिलेले वन. होडीतून पाहिले तर पंधरा-वीस वर्षांत ते नैसर्गिक वनाइतकेच गच्च दिसते. चिखलात उतरल्यावर फरक कळतो.

व्हिएतनाममधील हो चि मिन्ह शहराजवळचे कान ज्यो हे याचे ठळक उदाहरण. युद्धात अमेरिकी विमानांनी पाने झडवणारी रसायने फवारली आणि येथील निम्म्याहून अधिक कांदळवन मेले. १९७८ पासून सुमारे २०,००० हेक्टरांवर लागवड झाली. २००० मध्ये युनेस्कोने हा भाग जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून घोषित केला. बियाणे व्हिएतनामच्या दक्षिण टोकाकडील का माउहून आले. बियाणे म्हणजे कांदळ या खारफुटीतल्या एका झाडाचे, झाडावरच रुजून लोंबणारे वीतभर हिरवे दांडे. टोकाकडून चिखलात खोचले की लागतात. या सोयीमुळेच बहुतेक ठिकाणी एकच जात लागली.

अशा रानात सगळी झाडे एका वयाची, एका उंचीची. वर छत मिटते, खाली उजेड पोचत नाही, दाटीतली दुबळी झाडे वाळत जातात. नैसर्गिक वनात ताज्या गाळावर आधी चिप्पी आणि तिवर ही खारफुटीची झाडे येतात, मागून इतर जाती. रोपटी आणि म्हातारी झाडे शेजारी असतात. कान ज्योतही नव्या गाळावर ही झाडे आपणहून आली. लागवडीत वीज पडून झाडांचा पुंजका मेला की मोकळ्या जागेत नवी रोपे उठतात आणि वये मिसळू लागतात. म्हणून अशा खिंडारांत लगेच रोपे लावून ती बुजवू नयेत. वादळानंतर एकजातीपणा महागात पडतो: मोडलेले तिवर खोडातून धुमारे फोडते, हे कोकणात जळण तोडणाऱ्यांनाही ठाऊक आहे, जून कांदळ मात्र सहसा फुटत नाही.

खोड-फांद्यांचा भार काही दशकांत बराच भरून निघतो. मातीचे तसे नाही. मुळे, पाने आणि गाळ थरावर थर साचून झालेला काळा, कार्बनने भरलेला चिखल शतकांचा असतो.

मुळात लागवड हा एकच मार्ग नव्हे. फिलिपिन्समध्ये समुद्राकडच्या उघड्या चिखलपट्टीवर, जिथे खारफुटी कधी नव्हतीच, तिथे लावलेली असंख्य रोपे मेली. उलट बांध फोडून जमिनीची उंची आणि भरतीचे पाणी पूर्ववत केले, आणि जवळपास जुनी झाडे असली, तर बिया पाण्याबरोबर वाहत येतात आणि जिथे ज्या जातीला मानवते तिथेच ती रुजते.