मोजणारा बूट आणि रेघ दाखवणारा बूट

कंपवाताच्या (पार्किन्सन्सच्या) रुग्णांसाठी ‘सेन्सरचे बूट’ निघाले आहेत, अशी बातमी अधूनमधून वाचायला मिळते आणि ती वाचल्यावर घरातले कोणीतरी विचारतेच, की हे बूट घातले तर बाबांचे पाय अडायचे थांबतील का. उत्तर देण्याआधी उलट विचारावे लागते, की कोणते बूट? कारण या एका नावाखाली दोन अगदी निराळ्या वस्तू येतात. एक बूट चाल मोजतो आणि दुसरा बूट पाऊल उचलण्यासाठी खूण देतो. पहिला घातल्याने चालण्यात काडीचाही फरक पडत नाही आणि तो पडावा अशी तो बनवणाऱ्यांची अपेक्षाही नसते. दुसरा पाऊल सोडवू शकतो, पण गेल्या आठवड्यात चाल कशी होती हे तो डॉक्टरांना सांगत नाही. एकाकडून दुसऱ्याचे काम अपेक्षिले, की पैसेही जातात आणि उमेदही जाते.

हा घोटाळा होण्याचे कारण साधे आहे. सेन्सर दोन्ही बुटांत असतो. मात्र खूण देणाऱ्या बुटातला सेन्सर एवढेच पाहतो, की पाय जमिनीवर टेकला आहे की नाही, म्हणजे त्याचे काम दिव्याच्या बटणाइतकेच असते. मोजणाऱ्या बुटाला त्याहून पुष्कळ जाणून घ्यायचे असते. टाच आधी टेकली की सगळा तळवा एकदम पडला, भार चवड्याकडे कधी सरकला, डाव्या आणि उजव्या पावलाच्या वेळांत किती तफावत होती, या सगळ्याची तो नोंद ठेवतो.

मुळात अडते काय, हे पाहिल्याशिवाय दोन्ही बुटांची कामे नीट कळणार नाहीत. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन केले, तेव्हाच त्यांनी पुढे झुकलेले शरीर आणि इच्छा नसतानाही धावण्याकडे वळणारी लहान लहान पावले नोंदवून ठेवली होती. मेंदूतील डोपामिन (हालचालींसाठी लागणारे रसायन) तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि एरवी विचार न करता होणाऱ्या हालचाली, ज्यांत चालणे सर्वांत मोठे, आपोआप होईनाशा होतात. पाऊल आखूड पडते, टाच घासते, हात झुलत नाहीत. पुढे पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. डॉक्टर याला ‘फ्रीजिंग’ म्हणतात, घरातली माणसे ‘पाय चिकटले’ म्हणतात आणि मला दुसरा शब्द अधिक नेमका वाटतो, कारण माणसाचे वरचे अंग पुढे निघालेले असते आणि फक्त पाय मागे राहतात. म्हणूनच तो पडतो. दारातून जाताना, वळताना, चालायला सुरुवात करताना किंवा चालता चालता बोलताना हे विशेष घडते.

आता मोजणारा बूट पाहू. बहुतेक वेळा तो बूट नसतोच, नेहमीच्या बुटात घालायचा सुखतळा असतो आणि त्यात दाब ओळखणारे सेन्सर बसवलेले असतात. या प्रकारच्या मोजणीचा एक मोठा संग्रह ‘फिजिओनेट’ या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला आहे. त्यात कंपवाताच्या ९३ रुग्णांची आणि ७३ निरोगी व्यक्तींची चाल नोंदलेली आहे. प्रत्येक पायाखाली ८ सेन्सर, सेकंदाला १०० नोंदी आणि सपाट जमिनीवर सुमारे २ मिनिटांचे चालणे, एवढीच ती सामग्री, पण जगभरच्या संशोधकांनी तिच्यावर आपापल्या संगणकीय पद्धती पारखून पाहिल्या आहेत. जेफ्री हाउसडॉर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली अशाच मोजणीच्या आधारे दाखवून दिले, की कंपवातात केवळ वेग कमी होत नाही, तर पावलांचा ताल बिघडतो. निरोगी माणसाची पावले जवळजवळ सारख्या अंतराने पडतात आणि रुग्णाचे प्रत्येक पाऊल आधीच्या पावलापेक्षा थोड्या वेगळ्या वेळाने पडते. हा फरक डोळ्यांना सहज दिसत नाही.

या मोजणीची खरी गरज दवाखान्यातल्या एका जुन्या अडचणीमुळे आहे. घरी दिवसातून दहा वेळा अडखळणारा माणूस डॉक्टरांच्या खोलीत अगदी नीट चालून दाखवतो, कारण तिथे त्याचे सगळे लक्ष पायांकडे असते. शुभंकर (पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात, आणि हे शब्द सगळीकडे रुळावेत असे मला वाटते) कळवळून सांगतो, की घरी असे नसते, आणि त्याच्याकडे पुरावा मात्र नसतो. आठवडाभराची नोंद हाती असली तर लेव्होडोपाची (कंपवातावरच्या मुख्य औषधाची) गोळी घेतल्यानंतर किती वेळाने चाल सुधारते, पुढच्या गोळीआधी किती वेळ ती पुन्हा बिघडते आणि अडणे औषध उतरल्यावर होते की औषध चढलेले असतानाही होते, हे कळू शकते. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण त्याच्या उत्तरावर औषध वाढवायचे की नाही हे ठरते.

तरीही मोजणाऱ्या साधनाला एक मर्यादा आहे आणि ती व्याख्येतच दडलेली आहे. चालण्याचा हेतू असूनही पाऊल पुढे न पडणे म्हणजे फ्रीजिंग, असे तज्ज्ञ मानतात, आणि हेतू कोणत्याही सेन्सरला मोजता येत नाही. पाय अडलेला असताना गुडघे थरथरत असतील, तर काम सोपे होते. स्टीव्हन मूर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली पोटरीवर सेन्सर बांधून दाखवले, की चालण्याची हालचाल सेकंदाला ०.५ ते ३ आवर्तनांत असते, तर अडलेल्या पायाची थरथर ३ ते ८ आवर्तनांच्या पट्ट्यात जाते, आणि या दोहोंच्या गुणोत्तरावरून अडण्याचा क्षण ओळखता येतो. पण काही वेळा पाय थरथरतही नाही, नुसता थिजतो. तेव्हा दारात अडलेला माणूस आणि दारात उभा राहून शेजाऱ्याशी गप्पा मारणारा माणूस यांत सुखतळ्याच्या दृष्टीने फारसा फरक उरत नाही.

खूण देणाऱ्या बुटामागचा विचार जुना आहे. आपोआप चालणे बिघडलेल्या रुग्णाला समोर ओलांडायला काही दिसले तर तो पाऊल उचलतो. जेम्स पर्डन मार्टिन या ब्रिटिश मज्जातज्ज्ञाने १९६७ साली जमिनीवर आखलेल्या आडव्या रेघांचा असा परिणाम नोंदवला होता. सपाट जमिनीवर पाय न सुटणारी माणसे जिना मात्र झरझर चढतात, हे तर अनेक घरांनी पाहिले आहे. पुण्यात वाढलेल्या आणि पुढे नेदरलँड्समध्ये काम करणाऱ्या मिलेहा सोनेजी या डिझायनरनी आपल्या काकांच्या बाबतीत हेच पाहून जमिनीवर पायऱ्यांचे चित्र अंथरले आणि काका त्यावरून चालू लागले. याचे सर्वसाधारण स्पष्टीकरण असे दिले जाते, की रेघ किंवा पायरी दिसली की चालणे ही आपसूक क्रिया न राहता ठरवून केलेली कृती होते आणि मेंदू ती दुसऱ्या, त्या मानाने शाबूत असलेल्या मार्गाने घडवून आणतो.

अडचण एवढीच, की रेघा घरात आखता येतात, रस्त्यावर नाही. लेझरच्या बुटांनी ती रेघ माणसासोबत चालती केली. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठ आणि रॅडबाउड विद्यापीठाचे रुग्णालय येथे म्यूरिएल फेरे यांच्या पुढाकाराने हे बूट तयार झाले. डावा पाय टेकला, की डाव्या बुटातून उजव्या पायापुढे आडवी लेझर-रेघ पडते, रुग्ण ती ओलांडतो, मग उजवा बूट डाव्या पायापुढे रेघ टाकतो. ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात २०१८ साली आलेल्या अभ्यासात १९ रुग्ण होते. औषधाचा अंमल नसताना त्यांचे अडण्याचे प्रसंग सुमारे ४६ टक्क्यांनी कमी झाले. औषध चालू असताना परिणाम त्याहून कमी होता. हे आकडे आशादायक असले तरी प्रयोगशाळेतले आणि मोजक्या माणसांवरचे आहेत, हे विसरू नये. रेघेऐवजी पाऊल टेकताच तळव्याला कंप देणारे बूटही अमेरिकेत तपासून पाहिले गेले आहेत. त्यांचेही काम खूण देण्याचेच आहे, फक्त ती डोळ्यांऐवजी त्वचेला मिळते.

दोन्ही बूट एकत्र का करू नयेत, म्हणजे बुटानेच अडणे ओळखावे आणि नेमक्या त्याच वेळी रेघ पाडावी, हा विचार साहजिक आहे आणि संशोधन त्या दिशेने चाललेही आहे. पण इथे वर सांगितलेली मोजणीची मर्यादा पुन्हा आडवी येते. ओळख पटायला उशीर झाला तर माणूस तोपर्यंत तोल गमावतो आणि ओळख चुकली तर तो ओट्यापाशी शांत उभा असताना पायापुढे रेघ चमकते. म्हणून तूर्त प्रत्येक पावलाला बिनडोकपणे रेघ टाकणारा बूटच मला अधिक भरवशाचा वाटतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, जी युरोपात लिहिलेल्या माहितीपत्रकात सापडत नाही. आपण घरात बूट घालत नाही, आणि पाय तर बहुधा घरातच चिकटतात : स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर, न्हाणीघराच्या दारात, पलंग आणि कपाट यांच्यामधल्या वळणावर. चपलेत पाय सरकतो, त्यामुळे चपलेत ठेवलेल्या सुखतळ्याची मोजणी विश्वासार्ह राहत नाही. उन्हात लेझरची रेघ फिकी पडते, म्हणजे दुपारच्या रस्त्यावर तिचा उपयोग थोडाच. म्हणून मोजणारा बूट घ्यायचा असेल, तर आधी आपल्या मज्जातज्ज्ञांना विचारावे, की या नोंदी तुम्ही पाहणार आहात का आणि पाहून औषधाच्या वेळा बदलणार आहात का. नकार आला तर तो बूट घेऊ नये. रेघ दाखवणारा बूट घ्यायचा असेल, तर आधी फिजिओथेरपिस्टच्या मदतीने दारापाशी फरशीच्या रंगाहून उठून दिसणाऱ्या चिकटपट्ट्या एकेका पावलाच्या अंतराने आडव्या लावून पाहाव्यात. त्या पट्ट्यांनी पाय सुटत असेल, तरच बाहेरच्या वाटेसाठी लेझरचा विचार करण्यात अर्थ आहे.