डेटा फुटला, भरपाई कुणाला?

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कंपनीतून पगारपत्रकांचा डेटा फुटला, की कामगारांचा पहिला प्रश्न सरळ असतो: कंपनीकडून काही मिळेल का? मग कुणीतरी ‘अडीचशे कोटींच्या कायद्या’चे, म्हणजे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे, नाव घेते. तो दंडाचा आकडा खरा आहे, पण त्यातला रुपयाही ज्याचा डेटा फुटला त्याच्या खात्यात येत नाही. हे असे का झाले, ते पाहायला थोडे मागे जावे लागते.

२००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याला चिंता होती ती घुसखोराची. कुलूप ढिले ठेवणाऱ्या मालकाला त्याने मोकळेच सोडले होते. २००८ ची दुरुस्ती ऑक्टोबर २००९ मध्ये लागू झाली आणि तिच्यातून कलम ४३अ आले. संवेदनशील माहिती सांभाळताना कंपनीने हलगर्जी केली आणि त्यातून कुणाचे नुकसान झाले, तर कंपनीने त्याला भरपाई द्यायची. २०११ च्या नियमांनी ‘संवेदनशील’मध्ये पासवर्ड, बँक व कार्डाचा तपशील, आरोग्याची माहिती, बायोमेट्रिक अशा गोष्टी घातल्या. नुसते नाव, पत्ता, मोबाइल नंबर त्यात नव्हते, आणि इथेच बरेच दावे अडतात.

दावा दिवाणी न्यायालयात नव्हे, तर राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे करायचा. पाच कोटींपर्यंतचे अधिकार त्यांच्याकडे. नाशिककराला त्यासाठी पंचवटी एक्स्प्रेस धरून मंत्रालय गाठणे आले. तरीही २०११ नंतरची तीन-चार वर्षे या दालनाने बरे काम केले. बनावट सिमकार्ड काढून खाती रिकामी झालेल्या लोकांना बँका आणि मोबाइल कंपन्यांकडून पैसे देण्याचे आदेश इथूनच निघाले. घोडे अडले ते अपिलात. दिल्लीतल्या अपील न्यायाधिकरणाचे अध्यक्षपद २०११ च्या मध्यापासून रिकामे राहिले आणि २०१७ मध्ये ते न्यायाधिकरणच दुसऱ्यात विलीन केले गेले. कायदा निकामी होता, असे आज सांगितले जाते. सहा वर्षे खुर्ची रिकामी ठेवली तर कुठला कायदा कामी येईल?

त्याच २०१७ च्या ऑगस्टमध्ये नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. २०१८ चा तज्ज्ञ समितीचा मसुदा आणि २०१९ चे विधेयक, दोन्हींत पीडिताला भरपाई मागण्याची तरतूद होती. २०१९ चे विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतले गेले. काही महिन्यांनी नवा मसुदा आला तेव्हा ती तरतूद गायब होती, आणि तेच धोरण ऑगस्ट २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात कायम राहिले.

दंड आणि भरपाई या दोन शब्दांची सरमिसळ इथून सुरू होते. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटींपर्यंत, डेटा फुटल्याचे न कळवल्यास २०० कोटींपर्यंत, हे दोन्ही दंड आहेत. ते भारताच्या एकत्रित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जमा होतात. शिवाय याच कायद्याचे कलम ४४ जुने ४३अ रद्द करते. समर्थकांचे म्हणणे असे, की तोटा सिद्ध करत बसण्यापेक्षा जबर दंडाची धास्ती कंपन्यांना सुधारते. असेलही. पण हा कायदा कंपनीला ‘फिड्युशियरी’ म्हणतो, म्हणजे विश्वासाने ठेव सांभाळणारा. ठेव हरवली तर दंड राजाला आणि ठेवीदाराला नुसते माहितीचे पत्र, हा हिशोब मला पटत नाही. वर, खोटी किंवा उगाच तक्रार केली तर तक्रारदारालाच दहा हजारांपर्यंत दंड.

नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत दिल्याने त्या मे २०२७ मध्ये लागू होतील, आणि ४३अ ची गच्छंतीही तेव्हाच. तोवर जुना रस्ता उघडा आहे, हे वकिलांनाही आठवण करून द्यावे लागते. नव्या नियमांत प्रत्येक बाधित व्यक्तीला विनाविलंब कळवणे आणि नव्या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाला ७२ तासांत सविस्तर अहवाल देणे बंधनकारक आहे. २०२२ पासूनचा सहा तासांचा नियम फक्त सरकारी यंत्रणेला कळवण्याचा आहे. ग्राहकाला बातमी वर्तमानपत्रातूनच कळते.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची वाट मात्र फारशी कुणी चोखाळत नाही. विश्वासाने दिलेली माहिती बेकायदा दुसऱ्याला देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते आणि मुदत दोन वर्षांची. पगारपत्रकवाल्या कामगाराला ती उपयोगी नाही, कारण तो कंपनीचा ग्राहक नसतो. बँकेच्या किंवा रुग्णालयाच्या ग्राहकाला आहे.

कुठलाही रस्ता धरा, कागद लागतो. कंपनीचा मेल किंवा एसएमएस पुसू नये, तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी पत्र देऊन पोच घ्यावी. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक आपली वा बँकेची नसून तिसरीकडचीच असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य धरली जाते. आधारचे बायोमेट्रिक लॉक करणे, आपल्या नावावर किती सिम आहेत ते ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर पाहणे आणि वर्षातून एकदा फुकट मिळणारा क्रेडिट रिपोर्ट मागवणे ही कामे घरबसल्या होतात.

सिंहस्थाची मुख्य स्नाने २०२७ च्या पावसाळ्यात आहेत, म्हणजे नवा कायदा पूर्ण लागू झाल्यावर. पंचवटीतल्या लॉजवाल्याने व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलेला आधारचा फोटो या कायद्यात येईल. रजिस्टरला टाचलेली झेरॉक्स, जोवर कुणी ती स्कॅन करत नाही तोवर, येणार नाही.