रश लिंबॉ आणि ‘समान वेळे’चा गैरसमज

अमेरिकेत ‘फेअरनेस डॉक्ट्रिन’ या प्रसारण नियमामुळे रेडिओवर प्रत्येक मताला समान वेळ द्यावा लागे आणि १९८७ साली तो नियम रद्द झाल्यावरच रेडिओ सूत्रसंचालक रश लिंबॉ यांना उजव्या विचारांचा कार्यक्रम करता आला, हा समज चुकीचा आहे. १९४९च्या त्या नियमानुसार वादग्रस्त सार्वजनिक प्रश्नांवर विरोधी मतांना वाजवी वाव देणे बंधनकारक होते, मिनिटांची समान वाटणी नव्हे. समान संधीचा नियम वेगळा, निवडणुकीतील उमेदवारांपुरता, आणि तो आजही लागू आहे. लिंबॉ तर १९८४पासूनच कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो शहराच्या केएफबीके या रेडिओ केंद्रावर असा कार्यक्रम करत होते. नियम गेल्याने केंद्रांवरचे दडपण उतरले, हे मान्यच करायला हवे. परंतु १९८८च्या ऑगस्टमध्ये त्यांचा कार्यक्रम देशभर जाऊ लागला, तेव्हा संगीत एफएमकडे गेल्यामुळे श्रोते गमावलेल्या एएम (जुन्या मध्यम लहरींच्या) केंद्रांना तो पैशांऐवजी जाहिरातींच्या वेळेच्या मोबदल्यात मिळत होता, हे त्याच्या प्रसाराचे कारण माझ्या मते अधिक वजनदार आहे.