नेतृत्व आणि पुरुषत्व

नेत्याकडून अपेक्षित असलेले गुण आणि 'खऱ्या पुरुषा'चे म्हणून सांगितले जाणारे गुण यांची समाजाने घातलेली सांगड. व्यवस्थापनशास्त्र, सामाजिक मानसशास्त्र आणि लिंगभाव अभ्यास या तिन्हींत हा विषय येतो.

इतिहास थोर पुरुष घडवतात, असे स्कॉटिश लेखक-इतिहासकार टॉमस कार्लाइलने १८४० मध्ये लंडनच्या व्याख्यानांत मांडले. त्यातला 'पुरुष' हा शब्द बराच काळ कोणाला खटकलाही नाही. ही सांगड मोजून दाखवली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया शाइन यांनी, १९७३ मध्ये. विमा कंपन्यांतील ३०० पुरुष व्यवस्थापकांना त्यांनी ९२ गुणविशेषांची यादी दिली. यादी सगळ्यांना एकच, पण कोणी ती सर्वसाधारण पुरुषाला लावून पाहायची, कोणी स्त्रीला, तर कोणी मधल्या फळीतल्या यशस्वी व्यवस्थापकाला. व्यवस्थापकाचे वर्णन पुरुषाच्या वर्णनाशी जुळले. स्त्रीचे वेगळे पडले. १९७५ मध्ये स्त्री व्यवस्थापकांनीही तेच उत्तर दिले. १९८९ च्या फेरतपासणीत स्त्रियांचे मत बदललेले दिसले, पुरुषांचे जवळपास जागच्या जागी होते.

पण ही सांगड नेमक्या कोणत्या पुरुषत्वाशी? ऑस्ट्रेलियन समाजशास्त्रज्ञ रेविन कॉनेल यांच्या मते पुरुषत्व एक नसून अनेक असतात आणि त्यांतले एक इतरांवर वर्चस्व गाजवते.

नेता म्हणजे पुरुष, ही सांगड मराठीला प्रश्नावलीविना ठाऊक आहे. खेड्यात बायको नवऱ्याला 'कारभारी' म्हणते. 'कारभारीण' मात्र बहुतेकदा कारभार पाहणारी नव्हे, कारभाऱ्याची बायको. पराक्रम म्हणजे मर्दुमकी. बाई शूर निघाली तर मर्दानी, पुरुष हळवा निघाला तर बायकी.

७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. अनेक जणींनी कारभार खमकेपणाने हाकला. पण त्याच काळात 'सरपंचपती' हा शब्दही रुळला: सही बाईंची, बैठकीत बोलणार पती, आणि फलकावरच्या बाईंच्या नंबरवर फोन लावला तर उचलणारेही तेच. यावर उपाय म्हणून बहुधा बाईंनाच प्रशिक्षणाला धाडतात. पतीला कोणी बोलावत नाही. पुरुषांशीच बोलायला हवे, हे ओळखून १९९३ पासून काम करणारी मुंबईची 'मावा' (मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज) ही संस्था म्हणूनच वेगळी ठरते. तिचा भर महाविद्यालयीन मुलांवर आहे, म्हणजे ते कारभारी होण्याआधी.